सुट्टीवरचा डॉक्टर

दोन हजार चोवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा, ऑस्ट्रेलियात मुलाकडे येऊन दुसरं वर्ष लागलेलं. एक पोरगा आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. कामावरून आला की मागच्या पायरीवर बसायचा, बूट-मोजे काढायचा आणि पॅन्ट दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत दुमडायचा. थंडी असो, पाऊस असो. मी विचारायचो, "काय डॉक्टर, दमलात?" तर म्हणायचा, "छे हो आजोबा. सुट्टी चालू आहे."

मेलबर्नच्या आमच्या या क्लेटन भागात कधी आलात तर असे मुलगे तुम्हाला पावलोपावली दिसतील. पाठीवर काळी सॅक, कानात वायर आणि डोळ्यांत झोप. युनिव्हर्सिटी जवळ, म्हणून घराघरात एकेक खोली या पोरांना दिलेली. त्यातलाच हा एक. त्याने काही पराक्रम केला म्हणून मी लिहीत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, चिंचवडला कारखान्यात लेथवर जन्म गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, हे कशाला लिहिताय?" म्हणून तर लिहितोय.

तो बार्शीकडचा. आधी चीनमध्ये होता, डॉक्टरकी शिकायला. चौथ्या वर्षाला हिवाळ्याची सुट्टी लागली तेव्हा चौघे मित्र खाली दक्षिणेला समुद्रावर फिरायला गेले. हा, एक नगरचा, एक केरळचा आणि एक नेपाळचा. नेपाळच्या पोराने जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. त्याच्यासाठीच निघाले म्हणे. तर तो पठ्ठ्या पाण्यात पाय घालायला तयार नाही. काठावर बसून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकला आणि म्हणाला, "ये तो सच में नमकीन है." त्याला वाटायचं, पुस्तकात उगीच लिहितात. हे सांगताना हा पायरीवर गडाबडा लोळायचा.

ही गोष्ट मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की मला ती पाठ झाली. मी मध्ये म्हणायचो, "आता केरळवाल्याची टोपी उडाली." तो म्हणायचा, "आजोबा, तुम्ही होता का तिथे?"

निघताना त्याने होस्टेलच्या खोलीत मटकी भिजवून फडक्यात बांधून खिडकीला टांगली होती. आईने डब्यात भरून दिलेली मटकी. आल्यावर उसळ करायची. मी म्हटलं, "अरे, सहलीला जाताना कोणी मटकी भिजत घालतं का? अक्कल कुठे गेली होती?" तर म्हणाला, "तिकडची थंडी तुम्हाला माहीत नाही. मोड यायला चार दिवस लागतातच."

ते समुद्रावर असतानाच आजार आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, आपण सगळ्यांनी भोगलंय. शहरं बंद व्हायला लागली, घरून फोनवर फोन. कॉलेजकडे परत जायची सोयच उरली नाही. पोरं तिथूनच विमानात बसली. पुस्तकं, कुकर, पांघरूण, सगळं खोलीत. हा घरी उतरला तो हाफपँट आणि रबरी चपला घालून. आई दारातच म्हणाली, "सुट्टीला आलास होय रे?" तेव्हापासून चालूच आहे, असं तो म्हणायचा.

घरी बसून मोबाइलवर शिकला. मी विचारलं, "मोबाइलवर पोट फाडायला कसं शिकवतात?" म्हणाला, "तेच तर, आजोबा. तेच तर." पुढे कॉलेजने परत बोलावलं तेव्हा वडिलांना अर्धांगवायू झालेला. ते एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. तिघे मित्र गेले, हा वडिलांना कुशीवर वळवत घरी राहिला. वडील गेल्यावर मामा म्हणाले, डॉक्टरकीचं पुरे, पटकन पोटापाण्याला लागशील असं काहीतरी बघ. म्हणून इथे आला. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याचा कोर्स आणि वृद्धाश्रमात नोकरी. पण दर महिन्याला चीनच्या कॉलेजला मेल लिहायचा, की मला परत घ्या, उरलेलं पूर्ण करतो. उत्तर यायचं नाही. हा लिहायचा थांबायचा नाही. माझ्यासारखाच हट्टी, असं लोक म्हणतील. मी हट्टी नाही.

मी त्याला डॉक्टर म्हणायचो हे आमच्या घरात कोणाला पसंत नव्हतं. नात म्हणायची, "आज्जोबा, ही इज नॉट अ डॉक्टर."

"होईल."

"बट ही इजन्ट."

"तू दूध पी."

त्यानेच मला चिनी बोलायला शिकवलं. एकच वाक्य, 'छी फान ला मा'. म्हणजे जेवलात का. म्हणाला, तिकडे भेटलं की असंच विचारतात. मला हे फार आवडलं, कारण आपल्याकडेही तेच विचारतात. शेजारी एक चिनी आजीबाई, माझ्याच वयाच्या. कुंपणावरून मी त्यांना विचारलं, छी फान ला मा? बाई एकदम उजळल्या आणि जे बोलायला लागल्या, थांबेनात. मी मान हलवत उभा. हा पायरीवरून भाषांतर करतोय, "आजोबा, त्या म्हणतात सून जेवायला फ्रोझन घालते." मी म्हटलं, "त्यांना सांग, इथेही तेच आहे." आतून सूनबाईंनी ऐकलं. तो दिवस वाईट गेला.

एका दुपारी त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. माझं पोट सुटलेलं, हात नखांपर्यंत पोचत नाही, आणि हे मी कोणाला सांगणार नाही. तो आतून नेलकटर घेऊन आला आणि खाली बसला. मी पाय ओढून घेतला. म्हटलं, "काम घरी आणू नकोस."

"काम कुठे आजोबा? सुट्टी चालू आहे," म्हणाला आणि पाय मांडीवर घेतला.

उन्हाळा लागला, म्हणजे इथला, डिसेंबरचा. तेव्हा तो नगरचा मित्र बहिणीकडे मेलबर्नला आला. तो परत जाऊन पास होऊन आता नगरला हॉस्पिटलात डॉक्टर झालेला. फोन आला की पुन्हा समुद्रावर जाऊ, मजा करू. हा मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण चला."

"मला समुद्र आवडत नाही."

"चला हो. मी त्याला कॉलेजात सरांना विचारायला सांगितलंय. तो काय सांगेल ते एकट्याने ऐकायचं नाहीये मला."

मग मी चपला घातल्या.

मित्र गाडी घेऊन आला. गुटगुटीत, हसरा, बोलका. रस्ताभर दोघे जुन्या गोष्टी काढत होते. समुद्रावर लाल-पिवळे झेंडे लावलेले, त्यांच्यामध्येच पोहायचं. गवतावर सरकारी शेगडी, बटण दाबलं की तवा तापतो, फुकट. आम्ही मक्याची कणसं नेली होती. शेजारी गोऱ्यांचे सॉसेज चर्र चर्र करत होते. सीगल आमच्या कणसांवर नजर ठेवून. टोपी उडाल्याची गोष्ट झाली, नमकीन पाण्याची झाली. दोघे एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत होते. मला वाटलं, बातमी चांगलीच असणार.

मग मित्र चिमट्याने कणीस फिरवत म्हणाला, "सरांशी बोललो मी."

"मग?"

"भाऊ, तुझं नाव कमी केलंय. मुदत संपली."

"पुन्हा अर्ज केला तर?"

"पहिल्या वर्षापासून. आणि मोबाइलवरचं शिकलेलं आपल्याकडे धरत नाहीत, ते तर तुला माहीतच आहे."

 तव्यावरचं कणीस एका बाजूने काळं होत होतं. मग हा म्हणाला, "आणि माझी मटकी?"

मित्र हसला, पण ते हसू अर्ध्यावर राहिलं. "आम्ही गेलो तेव्हा तुझ्या खोलीत दुसरी पोरं होती. काहीच नव्हतं रे. पुस्तकं नाहीत, कुकर नाही."

"हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? फोन केला की तू म्हणायचास, सुट्टी चालू आहे."

मला तिथे बसवेना. मी उठून अनवाणीच पाण्याकडे चालू लागलो. काठावर खडक होते, त्यांना कालवांचे धारदार शिंपले चिकटलेले. मला काय माहीत. पाय पडला आणि तळवा चिरला. रक्त बरंच आलं, मी तिथेच वाळूवर बसलो. दोघे धावत आले. मित्र माझ्यासमोर गुडघ्यावर बसला, "बघू आजोबा."

मी पाय मागे घेतला. "तुम्हाला नाही. माझा डॉक्टर आहे."

"आजोबा, त्याला दाखवा," हा म्हणाला.

"मी तुलाच दाखवणार."

"अहो, तो डॉक्टर आहे."

"आणि तू?"

"मी म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो."

रागाने नाही म्हणाला. पत्ता सांगावा तसं म्हणाला. मी पाय त्याच्यापुढे धरून ठेवला. रक्त वाळूवर पडत होतं, आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी पाय खाली ठेवला नाही. शेवटी तो बसला. बाटलीच्या पाण्याने जखम धुतली, रुमाल दाबून धरला, रक्त थांबलं तशी त्याचीच घट्ट पट्टी बांधली. मित्र बाजूला हात बांधून उभा होता, त्याने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. तो पोरगा शहाणा होता.

पट्टीची गाठ मारून हा खालच्या आवाजात म्हणाला, "आजोबा, हे शेवटचं. यापुढे मला डॉक्टर म्हणू नका."

"म्हणणार."

तो उठला आणि पाण्यात गेला. बूट घातलेले, पॅन्ट दुमडलेली नाही. गुडघ्यापर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला. झेंड्यांच्या बाहेर होता तो. मित्राने हाक मारली, त्याने मागे पाहिलं नाही. मला तर उठताही येईना. लाइफगार्डने शिट्टी मारली, मग दुसरी, आणि धावत निघाला. तेव्हा याने हात वर केला, "नो वरीज, मेट!" म्हणून ओरडला आणि बाहेर आला. बुटांतून पाणी वाहत होतं. 

त्यानंतर तो पायरीवर बसेनासा झाला. कामावरून आला की सरळ खोलीत. मी हाक मारायचो, "डॉक्टर." ओ यायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायचो. मुलगा चिडला, "बाबा, त्याला लागतं ते. तुम्हाला कळत कसं नाही?" मला सगळं कळतं. पण मी आजही म्हणतो, माझं चुकलं नाही. आमचा कारखाना बंद पडला, गेटला कुलूप लागलं, म्हणून माझ्या हातातली कारागिरी गेली का? मग कोणी कुठे नाव कमी केलं म्हणून याचं शिकलेलं कसं जातं? हे मी त्याला बोलून दाखवलं. तो दाराच्या आडून म्हणाला, "आजोबा, कारखाना बंद पडल्यावर तुम्ही काय केलंत?"

मी काही केलं नव्हतं. घरी बसलो होतो. 

दोन महिन्यांनी त्याला लांब उत्तरेकडे टूवूंबा नावाच्या गावी पक्की नोकरी लागली, वृद्धाश्रमातच. तिथे बस फारशा नाहीत म्हणून जुनी गाडी घेतली. रविवारी सामान भरलं. सूनबाईंनी पोळ्या बांधून दिल्या. नात दारात उभी होती, हात हलवत. तो माझ्या पाया पडला, पट्टी बांधली होती त्याच पायाला जरा जास्त वेळ हात लावला.

"गाव डोंगरावर आहे म्हणे," तो म्हणाला. "समुद्र लांब."

"बरं झालं."

"येतो आजोबा."

मी "ये" म्हटलं. 

त्याचा दोनदा फोन आला. पाय कसा आहे, जेवता का, एवढंच. चीनचं नाव नाही, समुद्राचं नाही. मी विचारलं, "कॉलेजला लिहितोस का अजून?" तो म्हणाला, "कोणतं कॉलेज?" मग फोन यायचे थांबले. मी लावतो, तो उचलत नाही. मुलगा म्हणतो, बिझी असेल. असेल.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलगा ऑफिसला निघून गेल्यावर, बेल वाजली. दारात एक नवा पोरगा. पाठीवर काळी सॅक, हातात मोबाइल, त्यात आमच्या घराचा पत्ता. "अंकल, रूम खाली है ना? मेरी बात हुई है." मुलाने त्याला सकाळीच यायला सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "नहीं. भरा हुआ है." त्याने पुन्हा मोबाइल पुढे केला. मी दार लावून घेतलं. मग मागच्या खोलीत गेलो, आतून कडी घातली आणि चादर नसलेल्या त्या गादीवर बसलो. सूनबाई बाहेरून दार वाजवत होत्या, "बाबा, अहो बाबा, तो मुलगा उन्हात उभा आहे." मी उठलो नाही.