कानशीखालचं लोखंड

मद्रासला, तिरुवल्लिकेणीच्या शाळेत मी इंजिनीअरिंगकडे जाणाऱ्या मुलांना कानस चालवायला शिकवायचो. प्रत्येकाला लोखंडाचा एक चौकोनी तुकडा मिळे. तो वर्षभर घासायचा, वर काटकोन तपासायचा गुण्या ठेवून खिडकीकडे धरायचा आणि गुण्याखालून उजेड दिसला की पुन्हा घासायला बसायचं.

सगळ्या वर्षांत एकाच मुलाच्या तुकड्यावर गुण्याखालून उजेड दिसला नाही. मी "बरं" म्हटलं आणि सही केली.

लोखंड काही आभाळातून पडत नव्हतं. सुट्टी लागली की तेच तुकडे करवतीने खाचा पाडून मी पुढच्या वर्गासाठी ठेवायचो. त्याचाही तसाच खराब केला. मला काही वाटलं नाही. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, एवढं आठवतं.

सहा वर्षांनी तो इंजिनीअर होऊन भेटायला आला.

"सार, माझा तुकडा अजून आहे का?"

मी कपाटातून हाताला आला तो काढून दिला. "हाच."

त्याने सवयीने गुण्या लावला, खिडकीकडे धरला. मला बसल्या जागेवरून उजेड दिसत होता.

"हाच, सार," तो म्हणाला, आणि तुकडा रुमालात बांधून घेऊन गेला.