मेटगळ्ळीची निळी पेटी

दसऱ्याची गर्दी ओसरली की म्हैसूर गाठायचं, हे ठरवूनच ठेवलं होतं. पुण्याहून बंगळूरपर्यंत रेल्वे, पुढे तीनेक तासांची सरकारी बस. बसगाड्या पाठोपाठ सुटतात, आधी तिकीट काढायची गरज नाही. पहिला दिवस चामुंडी टेकडीचा. हजारेक पायऱ्या आहेत, सातच्या आत चढायला लागा. उतरल्यावर लोण्याचा गोळा ठेवलेला मऊ डोसा हवाच!

मुक्काम रघुमामांकडे. आईचे हे चुलतभाऊ. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, घरात अजून मराठी, निम्मी कानडीच. मामा मेटगळ्ळी या शहराच्या औद्योगिक भागातल्या कारखान्यात बेअरिंगच्या कड्या तपासायचे. बोट फिरवून केसाएवढा ओरखडा सांगायचे.

दुसऱ्या सकाळी मी म्हटलं, "मामा, तुमचा कारखाना दाखवा."

मामी पोळी लाटायची थांबली.

"कारखाना आहे की, पुट्टी," मामा म्हणाले. पुट्टी म्हणजे पोरी. "मीच नाही तिथं. वर्ष झालं."

तरी मामा घेऊन गेले. फाटकावर पाटी होती: माणसं पाहिजेत.

"जागा आहेत, अल्वा, नाही का? पण कंप्यूटरवाल्यांना. आम्ही अकरा जण बोटांनी बघणारे. निळी पेटी आली, वर कॅमेरा. खोट असलेली कडी आली की लाल चौकोन, दोनदा टुक्-टुक्. आम्ही घरी."

तो लाल चौकोन, ते दोनदा वाजणं, त्या पेटीचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. पुण्यात, एसीत बसून.

लपवणं जमेना. सांगून टाकलं. मामांनी एवढंच विचारलं,

"माझ्यापेक्षा चांगलं पकडते?"

"हो, मामा. ती थकत नाही."

"आय्तु," ते म्हणाले. म्हणजे, बरं. "मग मला चालवायला शिकव."

तिसऱ्या दिवशी राजवाडा बघायचा राहिला. माझ्या लॅपटॉपवर पेटीचा प्रोग्रॅम आणि कड्यांचे फोटो होते. त्यातली इंग्रजी सूचना न् सूचना मी मराठीत सांगितली, मामांनी ती वहीत कानडीत उतरवली. संध्याकाळपर्यंत ते सराईतासारखे चालवू लागले. वर, पेटी तेलाच्या डागाला ओरखडा समजते, ही माझी चूकही त्यांनीच दाखवली.

चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा फाटकावर. आतल्या माणसाने वही उघडलीसुद्धा नाही.

"वय?"

"बावन्न."

"पस्तीसपर्यंतच."

घरी परतताना सिटी बसमध्ये मामा म्हणाले, "तुझी ती तेलाची चूक मात्र सुधार हं."

पुण्यात आल्या आल्या सुधारली. त्याच आठवड्यात दुसऱ्या कारखान्याकडून पेटीची मागणी आली. आमच्या कंपनीच्या मागणी-अर्जात जागेची लांबी, उजेड, धूळ, वीज, सगळं विचारलेलं असतं. तिथं आज तपासणी कोण करतं, हे विचारणारा रकाना नाही. अर्ज मीच तयार केलेला आहे.