एकानंतर दहा

परतूरच्या आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यावर भुजंगराव खिडकीत बसायचे आणि मी वजनकाट्यावर. भुजंगराव म्हणजे दहावीला दोनदा आपटलेला माणूस. घरी त्यांची बायको, उषावहिनी, त्यांना मिठाची पुडी आणायलासुद्धा भरवशाने पाठवत नसत. पण हंगामात त्यांच्या खिडकीपुढे जी गर्दी व्हायची, ती तहसीलदाराच्या नशिबी नव्हती.

कारण होतं कॉम्प्युटर. २००२ साली शेठजींनी तो आणला. कापसाची गाडी फाटकातून आत आली की तिला नंबर मिळायचा आणि नऊ वाजता कॉम्प्युटर यादी काढायचा. फाटकावर पाटी होती, 'गाड्या नंबराप्रमाणे घेतल्या जातील.' पण यंत्र आकड्यांना अक्षरांसारखं लावायचं. एकानंतर दहा, अकरा, असं करत एकोणीस. मग दोन, मग वीस. नऊ नंबरवाला सगळ्यांत शेवटी. पहिल्या दिवशी बोंबाबोंब झाली, तेव्हा शेठजी म्हणाले, "मशीन कधी चुकत नसते." संपलं.

लोक शहाणे. दोन ते नऊ हे नंबर कुणालाच नको असायचे. पहिली गाडी आत गेली की बाकीचे फाटकाबाहेर बैल थोपवून एकमेकांना आग्रह करायचे, "तुम्ही व्हा म्होरं, तुम्ही वडीलधारे." एवढी अदब मी लग्नाच्या पंगतीतही पाहिली नाही. कुणी नवखा गाडी आत घालायचा, तेव्हा कुठे रांग हलायची.

आपली पाळी कधी, हे मात्र भुजंगरावच सांगू जाणे. "बारा नंबर? चौथी गाडी, हलू नको. नऊ? जा बाबा, लेकीला भेटून ये." शेतकरी त्यांना चहा पाजत, साहेब म्हणत. आणि खरं सांगतो, ते दोन हंगाम हा माणूस सुखात होता.

तिसऱ्या हंगामात रामराव नावाचे मॅनेजर आले. त्याच आठवड्यात शहागडचे एक बागायतदार, काकासाहेब, पहिल्यांदाच कापसाचा टेम्पो घेऊन आले. त्यांना पाच नंबर मिळाला आणि दिवस मावळेपर्यंत बसावं लागलं. ते पाटीला काठी लावून ओरडले, "हे काय लिहून ठेवलंय? वाचता येत न्हाई का तुम्हाला?"

रामरावांनी प्रोग्राम करणाऱ्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम आहे." भुजंगरावांचा चेहरा उतरला. दुपारी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "यंत्र सुधारलं तर मला कोण इचारणार हो?" माणूस रडायच्या बेतात होता. मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली.

पण गडी कामाला लागला. दुसऱ्या दिवशी पंचवीस गाडीवान मॅनेजरच्या दारात. म्होरक्या कडूबा म्हणाला, "साहेब, दोन वर्षं लागली आम्हाला हे शिकायला. आता बराबर बसलंय. मशीनला हात लावू नका. पुन्हा पयल्यापासून शिकायचं म्हंजे ताप हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. भुजंगराव मागे उभे राहून डोळ्यांनी शाबासकी देत होते.

रामरावांनी विचार केला. "ठीक. यंत्र राहू द्या. मंग पाटी तरी खरी करा. कोणत्या नंबरामागं कोणता, सगळं लिहा. भुजंगराव, तुम्हालाच तोंडपाठ आहे, तुम्हीच लिहा."

भुजंगराव खुशीत होते. जिंकलो म्हणाले, पेढे वाटले. तांबडा रंग आणून चाळीस गाड्यांचा क्रम वळणदार अक्षरात स्वतः रंगवला. शेजारी पाळीची अंदाजे वेळही टाकली. मी म्हणालो, "वेळ तरी राहू द्या तुमच्यापाशी." तर माझ्यावरच डाफरले, "अर्धवट काम मी करत न्हाई!"

दुसऱ्या दिवशी आठ वाजता खिडकी उघडली. साडेआठ झाले, नऊ झाले. सगळी गर्दी फाटकाशी, माना वर करून. कडूबा बोट फिरवत इतरांना वाचून दाखवत होता. भुजंगरावांना राहवेना. ते उठून तिथे गेले, पाटीपुढे उभे राहिले आणि खाकरले.

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, जरा बाजूला व्हा. दिसून न्हाई राह्यलं."

भुजंगराव बाजूला झाले.