खोड सांगणारा गुलाम नबी

गुलाम नबी चांदूर बाजारच्या गुरांच्या बाजारात वाढला. वडील बैलांचे दलाल. दलाल म्हटला की तो खोटं बोलणारच, असं लोक धरून चालतात; पण या म्हाताऱ्याचा एक नेम होता. बैलाचे गुण गाऊन झाले, सौदा जुळत आला, की शेवटी तो त्या बैलाची खोड सांगायचा. हा डावीकडे ओढतो, हा पाण्यात बसतो, हा परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही. ऐकून गिऱ्हाईक मागे सरायचं, बाजाराला एक चक्कर मारायचं आणि पुन्हा त्याच्याकडेच यायचं. पुढच्या खेपेला बैल घ्यायचा झाला तरी त्यालाच शोधायचं. ‘खोड सांगणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटत नाही,’ हे बापाचं बोलणं गुलाम नबीने ताविजासारखं जपलं.

गिऱ्हाईक तुटलं नाही, बाजारच तुटला. लागोपाठ वाईट वर्षं आली. बैल विकायला आणणारे वाढले आणि घेणारे दिसेनासे झाले. मग गुलाम नबीने बाजार सोडून स्टिअरिंग धरलं. आधी ट्रक चालवला, मग अकोटच्या भगवंतरावांकडे ड्रायव्हर म्हणून लागला, तो तिथेच पिकला.

भगवंतरावांची जिनिंग फॅक्टरी होती. एके काळी ते स्वतःच जीप घेऊन कापसाच्या गावांतून असे उधळत, की कोंबड्यासुद्धा आवाज ओळखून बाजूला होत. मग जीप उलटली आणि डावा गुडघा कामातून गेला. ‘आता क्लच दाबायचा नाही,’ असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून ते गुलाम नबीच्या शेजारी बसत. बसत म्हणजे काय, समोर म्हैस आली की त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबायचा. गुलाम नबीला ते दिसायचं. तो कधी हसला नाही आणि कधी त्यावर बोललाही नाही. एरवी तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्या ड्रायव्हरांबद्दल तर त्याचं मत ठरलेलंच: “तो गाडी चालवत नाई, हाकलते.”

त्या वर्षांत वऱ्हाडात दिल्ली-मुंबईच्या मोठमोठ्या गाड्या फार फिरत. शेतकऱ्यांचे हाल बघायला माणसं यायची, काचा वर करून यायची आणि काचा वर करूनच जायची. एकदा हिवरखेडजवळच्या पांदण रस्त्यात, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेत, अशी एक गाडी काळ्या चिखलात बसली. ती शेवटी बैलांनीच ओढून काढली. भगवंतरावांनी तो प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि त्यांच्या मनाने दोन गोष्टी घेतल्या. एक, आपल्यालाही तशी गाडी पाहिजे. दोन, आपली गाडी चिखलात बसता कामा नये.

नागपूरहून दोन गाड्या दाखवायला आल्या, एक काळी आणि एक पांढरी. दोन्ही डोंगराएवढ्या, दोन्ही डिझेलच्या, दोन्हींना टर्बो. काळीची ताकद कागदावर बरीच जास्त होती, आणि तिला गिअर हाताने टाकावे लागत. पांढरी ऑटोमॅटिक. पांढरीचा विक्रेता तिची माहिती सांगू लागला तर भगवंतरावांनी त्याला तिथेच थांबवलं. “आटोमॅटिक म्हंजे शहरातल्या लोकायची गाडी. तिच्यात दम नसते. मले आकडा नको सांगू, चालून दाखव.”

त्यांनी बैलाची पारख करावी तशीच परीक्षा लावली. मागे सरकीची पोती टाकायची, आधी डांबरी रस्त्यावर पळवायची, मग हिवरखेडच्या पांदणीत घालायची. विक्रेत्यांचे चेहरे पडले, पण गिऱ्हाईक मोठं होतं. चालवणार गुलाम नबी आणि निवाडाही त्याचाच. चांदूरचा बाजार सुटल्यापासून एवढा मान त्याला कोणी दिला नव्हता. तो त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

डांबरी रस्त्यावर काळीने मैदान मारलं. पुढची एसटी तिने अशी मागे टाकली की भगवंतराव मांडीवर थाप मारून म्हणाले, “हे झाली गाडी!” पांढरीही पळाली, पण काळीच्या मागेच राहिली.

पांदणीत मात्र चित्र पालटलं. टर्बो म्हणजे चुलीची फुंकणीच. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक भिंगरी फिरते आणि ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते, तेव्हा ताकद येते. काळीची फुंकणी मोठी, पण ती उशिरा लागायची. चिखलात हळूहळू चढावं तर इंजिन मलूल, आणि जरा जास्त दाबलं की सगळी ताकद एकदम अंगात यायची. चाकं जागच्या जागी फिरली आणि खड्डा करून बसली. ट्रॅक्टर आणावा लागला. पांढरीची फुंकणी लवकर लागायची. पाय नुसता टेकवला तरी ती ओढू लागे, आणि तीच पोती घेऊन ती त्याच चिखलातून संथपणे पार निघाली.

“गाळ जास्त होता म्हनून काळी बसली असीन,” भगवंतराव म्हणाले. त्यांचं मन काळीवरच होतं. “सांग नबी, कोनती?”

गुलाम नबी पांढरीत बसलेलाच होता. त्याची नजर खाली गेली. तिथे दोनच पेडल होते. डाव्या पायाला काहीच काम नव्हतं.

चिखलातून येतानाच याचा अर्थ त्याच्या ध्यानात आला होता. काळी घ्या, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. मालकांना तेच ऐकायचं होतं. काळीला क्लच होता, आणि क्लच होता तोवर गुलाम नबी होता. या वयात, चष्मा लागलेल्या ड्रायव्हरला दुसरं कोण ठेवणार? त्याला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण मालकांचा तो उजवा पायही त्याला आठवला, रिकाम्या जागी ब्रेक दाबणारा. आणि बापाचा नेम आठवला. खोड सांगितली की गिऱ्हाईक तुटत नाही. मालक ऐकतील, विचार करतील आणि म्हणतील, असू दे, तू आहेसच. असा त्याने हिशेब मांडला.

“भाऊसाहेब, काळीची खोड अशी, का तिची ताकद उशिरा येते आन् आली का आवरत नाई,” तो म्हणाला. “आपल्या कामाची पांढरी. पन हिचीबी एक खोड हाय.”

“कोनती?”

“हिले डायवर लागत नाई.”

भगवंतरावांना आधी कळलंच नाही. ते वाकले, त्यांनी पेडल पाहिले, मग गुडघ्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

“क्लच नाई?”

“नाई. डावा पाय नुसता ठिवायचा.”

“उतर,” ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच दार उघडलं.

त्या दिवशी भगवंतरावांनी हिवरखेडपासून अकोटपर्यंत गाडी चालवली. ते पोरासारखे हसत होते, जुन्या जीपच्या गोष्टी सांगत होते, विनाकारण हॉर्न वाजवत होते. गुलाम नबी डाव्या सीटवर बसला होता आणि हातांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. मालकांचा आनंद पाहून त्याला खरंच बरं वाटत होतं. आपलं काय, हे मालक कधी विचारतात याची तो वाटही पाहत होता.

नवी पांढरी घरी आली त्या दिवशी भगवंतराव तिला घेऊन अमरावतीला लेकीकडे, प्राजक्ताकडे, जाऊन आले. गुलाम नबी सोबतीला होता. परतताना त्यांनी गाडी थेट त्याच्या गल्लीत घातली. इतक्या वर्षांत मालकांनी त्याला घरी सोडण्याची ही पहिलीच वेळ. दारात हलीमाबी डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली. नवऱ्याला डाव्या, पाहुण्याच्या बाजूने उतरताना पाहून तिला काही समजेना.

“उद्या किती वाजता येऊ, भाऊसाहेब?” गुलाम नबीने रोजच्यासारखं विचारलं.

“उद्या?” भगवंतराव मोकळेपणाने हसले. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. “उद्या नको येऊ. आता तू आराम कर, लय राबला. पन एक सांगतो, पुढची गाडी घीन तवा तुलेच घिऊन जाईन. खोड सांगनारा मानूस कुठी भेटते?”

बापाचं बोलणं खरं ठरलं होतं. गिऱ्हाईक तुटलं नव्हतं, ते पुढच्या खेपेला पुन्हा येणार होतं.

गाडी वळून गेली. गुलाम नबी कितीतरी वेळ गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. गाडी मजबूत होती, वीस वर्षं कुरकुरणार नाही अशी. त्यानेच निवडून दिली होती.