ताईचा नंबर शेवटचा

माझ्या भावोजींना उघडता येणार नाही अशी वस्तू अजून कुणी बनवलेली नाही. उघडल्यावर पुन्हा बंद करता येत नाहीत अशा मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा ताईच्या स्वयंपाकघरात आहेत. मिक्सर सुरळीत चाललेला असला तरी ‘आवाज जरा वेगळा येतोय’ म्हणून त्यांचे हात शिवशिवायला लागतात. माझं शिवणकामाचं दुकान आहे. तिथल्या मशीनला त्यांनी लांबूनच नमस्कार करायचा, असं आमचं ठरलेलं आहे.

पोटापाण्यासाठी ते लिफ्ट दुरुस्त करतात, आणि त्या कामात नाव ठेवायला जागा नाही. लिफ्ट दुरुस्त झाली की आधी स्वतः एकटे आत शिरतात, वरपर्यंत जाऊन खाली येतात, मगच लोकांना आत सोडतात. अशा माणसाच्या हाती एका कुरिअरवाल्याने मोडीत काढलेली गाडी लागल्यावर काय होणार होतं? त्यांनी मागच्या सीटा उपटल्या, गाडी उलटली तरी माणूस चेपू नये म्हणून आत लोखंडी सांगाडा जोडला, आणि ‘आपण शर्यतीत उतरतोय’ असं घरात जाहीर केलं. घरातल्यांना आधी ती थट्टाच वाटली.

ही शर्यत म्हणजे शहराबाहेरच्या बंद धावपट्टीवर वर्षातून एकदा होणारं हौशी लोकांचं खूळ. गाडी भंगारात जायच्या बेताचीच हवी, ही पहिली अट. सकाळी सुरू करायची, ती आठ तास पळवायची. माणसं बदलायची, गाडी तीच. संध्याकाळी झेंडा पडेल तेव्हा जी आपल्या पायांनी रेषा ओलांडेल तिने शर्यत पुरी केली. यात वेगाचं कौतुक फारसं नाही. दहा मिनिटं दुरुस्तीला थांबलात की सकाळपासून जीव तोडून मिळवलेलं सगळं पाण्यात. खरा डाव गाडीला आजारी पडू न देण्याचा असतो, आणि नेमका तोच आम्हाला कधी जमला नव्हता.

आमच्या टीममध्ये चालवणारे चार. पहिला नंबर दाताच्या डॉक्टरांचा. दवाखान्यात ते फार हळुवार हाताचे म्हणून प्रसिद्ध आहेत, पण इथे गिअर असा ओढतात की ऐकणाऱ्याची दाढ दुखावी. दुसरा बेकरीवाला. तो पहाटे भट्टी पेटवणारा माणूस, दुपारी डोळा लागण्याची भीती, म्हणून त्याला जेवणाआधीच बसवायचं. तिसरे स्वतः भावोजी. आणि शेवटचा नंबर ताईचा. माझ्याकडे पाटी. गाडीतल्या माणसाशी बोलायचं यंत्र वगैरे आम्हाला परवडणारं नव्हतं, त्यामुळे कुणाला बोलवायचं तर मी कठड्यावर चढून काळी पाटी दाखवायची. तिच्यावर खडूने लिहिलेलं असायचं, ‘आत’.

ताई गाडी चालवायला शिकवते. म्हणजे गेली वीस वर्षं ती शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, दुसऱ्यांना चालवताना बघते. क्लच, क्लच, अहो क्लच, असं ती झोपेतसुद्धा पुटपुटते. शर्यतीचं ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली होती, “एकदा तरी गाडी माझ्या हातात असावी, आणि समोरून कुणी आडवं येऊ नये.” मी तिच्यासाठी जुना शर्यतीचा सूट आणून मापात बसवून दिला. बाह्या आखूड केल्या, कंबर घेतली.

पण चार वर्षं झाली, ताईचा नंबर काही लागला नाही. दर वर्षी भावोजींच्या हातात असतानाच गाडी तापायची आणि बॉनेटखालून वाफा काढत परत यायची. कधी पाइप फुटला, कधी पाइप निसटला, कधी नुसतंच पाणी गायब. ताई हेल्मेट काखोटीला मारून उभी असायची. भावोजी उतरायचे, कपाळावर हात मारायचे आणि म्हणायचे, “पाण्याने घात केला.” मग ताई सूट काढून घडी घालायची. तो धुवायची वेळच कधी आली नाही.

यंदा शर्यतीला महिना असताना जेवता जेवता ताई म्हणाली, “या वेळी पहिली मी.”

भावोजींचा घास हातातच राहिला. “अगं, सकाळी गर्दी असते. सगळे नवे जोशात असतात. संध्याकाळी कसं, मोकळं मोकळं...”

“गर्दीत मी रोज असते. तीसुद्धा शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून.”

“पण डॉक्टरांना काय वाटेल?”

“डॉक्टरांना मी विचारलंय. ते म्हणाले, सकाळी आरामात येतो.”

 दुसऱ्या दिवसापासून भावोजी गॅरेजमध्ये जे शिरले ते महिनाभर फक्त झोपण्यापुरते घरात दिसले. घरातल्या वस्तूंना इतके सुखाचे दिवस कधी आले नव्हते. मिक्सर शाबूत, पंखा जागेवर, दाराची बेल एकदा दाबली की एकदाच वाजायची.

शर्यतीच्या दिवशी झेंडा पडला आणि ताई निघाली. पहिल्याच वळणाला निम्म्या गाड्या एकमेकींच्या अंगावर गेल्या. ताईने त्यांना हाताने ‘जा बाबांनो’ अशी वाट दिली, आणि सगळे गेल्यावर आपल्या चालीने मागून आली. तिचं चालवणं बघताना बेकरीवाला जांभई देत म्हणाला, “या भाजी आणायला निघाल्यात का?” पण ती ब्रेक जवळजवळ दाबतच नव्हती. लांबूनच पाय उचलायची, वळणात गाडी आपसूक हळू व्हायची आणि अलगद बाहेर पडायची. जोशात पुढे गेलेल्या गाड्या एकेक करून थांबू लागल्या. कुणाचं चाक, कुणाचा धूर. ताई काहीही न करता वर सरकत होती.

हे सगळं भावोजींना दिसतच नव्हतं. ते कठड्याला चिकटून प्रत्येक फेरीला कान लावत होते.

“पाटी दाखव,” ते मला म्हणाले.

“का?”

“आवाज येतोय.”

“गाडीला आवाज असतोच, भावोजी.”

“तसा नाही. वेगळा. दोन मिनिटं आत घेऊ, मी फक्त बघतो.”

त्यांचं ‘फक्त बघतो’ मला चांगलं माहीत होतं. मी पाटी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. भावोजी माझ्याभोवती घिरट्या घालत राहिले. चहा आणून देऊ का, सावलीत बसतेस का, पाठ दुखत असेल ना, सगळं विचारून झालं. मी ढिम्म. ताई पेट्रोल संपत आलं तेव्हाच आत आली, आणि तेसुद्धा डॉक्टर दर वर्षी जेवढं चालवत त्यापेक्षा बरंच जास्त चालवून. हेल्मेट काढलं तेव्हा तिचे केस घामाने चपचपीत झाले होते आणि चेहरा असा काही उजळला होता की मला एकदम भरून आलं. लहानपणी मला सायकलवर डबलसीट घेऊन उतारावरून सुटायची, तेव्हाची ताई ती.

मग डॉक्टर गेले, नंतर उपाशीपोटीच बेकरीवाला. एकच कटकट होती. तापलेली गाडी बंद केली की पुन्हा सुरू व्हायला नखरे करायची, आणि माणूस बदलताना, पेट्रोल भरताना ती बंद करणं नियमाने भागच. डॉक्टरांच्या वेळी ती तिसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर लागली, बेकरीवाल्याच्या वेळी सगळ्यांनी ढकलल्यावर. ‘भावोजी बसले की आता शेवटपर्यंत थांबायचं नाही,’ असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं.

बेकरीवाल्याला ढकलून देण्याआधी तेल बघायला बॉनेट उघडलं होतं, तेव्हा डॉक्टर आत वाकून बघत राहिले.

“अरे वा, हा खालचा पाइप बदललात वाटतं? दर वर्षी मी सांगायचो, हा कुजलाय, बदला. तुम्ही त्यालाच ठिगळ लावायचात आणि म्हणायचात, अजून एक वर्ष निघेल.”

भावोजींनी बॉनेट इतक्या घाईने खाली आदळलं की डॉक्टरांचं नाक थोडक्यात वाचलं. मला मात्र चैन पडेना. चालू पंखा उघडून बसणारा माणूस कुजलेला पाइप चार वर्षं तसाच ठेवतो? गाडी गेल्यावर मी त्यांना कठड्याच्या टोकाला गाठलं.

“भावोजी, तो पाइप.”

“कुठला पाइप?”

“दर वर्षी तुमच्या हातात असताना जो दगा देतो तो.”

 ते हळूच म्हणाले, “तिला सांगू नकोस.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“तो साधारण किती तास टिकतो ते माहीत होतं.” त्यांचा चेहरा चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा झाला होता. “अगं, ही गाडी मी बांधलीय. लिफ्ट असली तर आधी मी बसून बघतो. इथे तुझ्या ताईशेजारी मला बसताच येत नाही. सांगाड्याची कुठली वेल्डिंग कशी झालीय ते मला माहितीय ना. रात्र रात्र झोप यायची नाही. नाही म्हटलं असतं तर ती चिडली असती. मग म्हटलं, नंबर शेवटचा ठेवू.”

“आणि डॉक्टरांना बसवताना झोप यायची?”

“डॉक्टरांनी माझी चांगली दाढ काढलीय,” भावोजी म्हणाले.

हसू आलं तरी मी ते दाबलं, कारण रागही आला होता. त्या घडी घातलेल्या सुटाचा राग. “मग यंदा?”

“यंदा तिनं पहिला नंबर मागितला. मग काय करणार? सगळे पाइप नवे घातले. सगळी वेल्डिंग परत केली. जे जे तुटू शकतं ते ते बदललं.” आणि तक्रार केल्यासारखं म्हणाले, “आता ही मरायचं नावच घेत नाही.”

बेकरीवाला परतला, भावोजी बसले, गाडी पुन्हा ढकलूनच लागली. ते गेल्यावर मी ताईकडे गेले. तिला सांगू नकोस असं ते म्हणाले होते. मी हो म्हणाले नव्हते. सगळं सांगून टाकलं.

 “चार वर्षं?” ताईनं विचारलं.

“चार.”

“आणि मी आपली समजत होते की माझंच नशीब फुटकं.” तिने हेल्मेट उचललं. “पाटी कुठाय?”

“ताई, वेडी आहेस का? थोडाच वेळ राहिलाय. आता थांबवली आणि लागली नाही तर गेलं सगळं!”

तिने माझ्या हातातून पाटी ओढून घेतली आणि स्वतः कठड्यावर चढली. पुढच्याच फेरीला भावोजी आत आले, थांबायच्या आधीच ओरडत, “काय झालं? पाणी गळतंय का? धूर दिसला का?”

“गाडी बंद करा आणि उतरा,” ताई म्हणाली.

“अगं, आता बंद केली तर...”

“मला पाइपचं कळलंय.”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खडू शोधू लागले. ताईचा आवाज वर चढला नव्हता. शिकाऊ माणसाला सांगते तितक्याच शांतपणे ती म्हणाली, “शेवटचा नंबर माझा, असं तुम्हीच ठरवलं होतं ना? चार वर्षं ठरवत होतात. आज तो लागलाय. उतरा.”

गाडी बंद झाली. भावोजी उतरले, ताई आत बसली. त्यांनी तिचा पट्टा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला.  “आणि लागली नाही तर?” ते म्हणाले.

“लागेल. या वेळी तुम्ही मनापासून बांधलीय.”

तिने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. आम्ही मागे जाऊन ढकलायला लागलो आणि भावोजी सगळ्यांत जोरात ढकलत होते, तोंडाने सारखं “हो ना गं, हो ना गं” म्हणत. ते गाडीला म्हणत होते की ताईला, मला सांगता येणार नाही. धावपट्टीच्या फाटकाच्या अलीकडे एक धक्का बसला, इंजिन खोकलं आणि ताई निघून गेली.

उरलेल्या फेऱ्या ती कशी चालवत होती ते भावोजींनी बघितलं. पहिल्यांदाच त्यांनी कान लावला नाही, नुसते बघत राहिले. “छान वळवते गं,” ते एकदा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.

झेंडा पडला. ताईने रेषा ओलांडली. कितवे आलो ते कुणालाच विचारायचं सुचलं नाही. गाडी आत येऊन थांबली, तसे सवयीने आम्ही सगळे बॉनेटकडे धावलो. भावोजी धावले ते दाराकडे.