सुखरूप पोचल्याचं कार्ड

सुमाआत्या आज दुपारी गेली. आम्ही सगळे पलीकडच्या खोलीत जेवत होतो.

तिला सोबत कधी लागली नाही. शेवटीही नाही.

सत्याऐंशी वर्षांची होती. जन्मभर शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, सुट्टी लागली की बॅग भरली.

"कोणाबरोबर चाललीस?" असं विचारलं की म्हणायची, "बसबरोबर."

पण पहिल्यांदा ती एकटी गेली, ते काही ठरवून नव्हे.

अठ्ठावन्न साल. पनवेलला रेल्वे अजून यायची होती. आत्या एकोणीस वर्षांची. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात तिला ॲडमिशन मिळाली होती. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हजर व्हायचं, नाहीतर सीट यादीतल्या पुढच्या मुलीला.

तेव्हा मुलीला एकटं पाठवत नसत. स्टँडवर सोबत शोधत.

माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, नाना, गाडीच्या एकेका खिडकीशी जाऊन विचारत होते. "पुण्याला कोण? पुण्याला कोण?"

एक टोपीवाले गृहस्थ मिळाले. बरोबर पत्नी. "निश्चिंत असा. आमच्या मुलीसारखीच."

नानांनी एक पोस्टकार्ड घरूनच लिहून आणलं होतं. स्वतःच्या अक्षरात, पत्ताही स्वतःचाच.

"चि. सुमन सुखरूप पोचली. काळजी नसावी."

ते त्यांनी आत्याकडे दिलं नाही. टोपीवाल्यांच्या हातात दिलं. "पोचवलंत की पेटीत टाका."

घाटात त्या बाईंना गाडी लागली. लोणावळ्याला त्यांना धरून उतरवावं लागलं.

"तूही उतर, सुमन. आज इथे आमच्या मेव्हण्यांकडे राहू. उद्या निघू."

"काका, मला आज पाचला हजर व्हायचंय."

"मी तुझ्या वडिलांना शब्द दिलाय. एकटी कशी जाशील?"

"बसलेलीच आहे ना काका. आता नुसतं बसून राहायचंय."

कंडक्टरने घंटी मारली. ते टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

गाडी सुटल्यावर मात्र आत्याला एकटं बसवेना. पुढच्या सीटवर सुकटीची पाटी घेऊन बेलपाड्याच्या एक मावशी बसल्या होत्या. वासामुळे पनवेलपासून त्यांच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. आत्या उठून तिथे जाऊन बसली.

"एकली हाय का गो?"

"आता आहे."

"मंग बरं हाय. जागा मोकली मिलते."

"मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. घरातून निगताना वाटते, न् उतरल्यावं वाटते. मदी नाय वाटत. मदी आपून खिडकीतून बगायचं."

आत्या पावणेपाचला कॉलेजात पोचली.

इकडे दुसऱ्या दिवशी पनवेलच्या घरी कार्ड आलं. सुखरूप पोचली. काळजी नसावी.

वर शिक्का लोणावळ्याचा.

बिचाऱ्या टोपीवाल्यांनी, सांगितलेलं काम निदान अर्धं तरी करावं म्हणून, कार्ड तिथल्याच पेटीत टाकून दिलं होतं.

नानांनी ते कार्ड तीनदा वाचलं. स्वतःच लिहिलेलं.

मग कोट चढवला आणि स्टँडवर गेले. मुलीला परत आणायचं, हे घरातून निघतानाच सांगून.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नाना स्वतः कधी एकटे कुठे गेले नव्हते. अलिबागला कोर्टात जायचं तरी शेजाऱ्यांना बरोबर घेत. सगळ्यांना वाटायचं, माणूस गप्पिष्ट आहे. त्या दिवशी कोणी मोकळं नव्हतं, आणि थांबायची त्यांची तयारी नव्हती.

पुण्यात, हॉस्टेलच्या व्हरांड्यात बाकावर दोघं बसली.

"लोणावळ्यापासून एकटी आलीस?"

"हो."

"भीती वाटली?"

"कामशेतपर्यंत. नाना, तुम्ही कोणाबरोबर आलात?"

नाना टोपीवरची धूळ झटकत राहिले.

"एकटाच आलो."

"भीती वाटली?"

"अजून वाटतेय. परतही जायचंय ना."

आत्या हसली. मग नानाही हसले. सामान भर, हे सांगायला ते आले होते. ते सांगायचं राहून गेलं.

हे मी दोघांकडून ऐकलंय. नाना सांगत, तेव्हा शेवटचे दोन प्रश्न गाळत.

संध्याकाळी ती त्यांना पुण्याच्या स्टँडवर सोडायला गेली. त्यांना खिडकीशी बसवलं आणि गाडीच्या कडेकडेने विचारत निघाली.

"पनवेलला कोण? पनवेलला कोण?"

पुढे प्रत्येक वेळी नाना तिला कार्ड देत. कोरं.

मागच्या महिन्यात माझ्या नातीने तिला विचारलं, "पणजीआत्या, सोलो ट्रिपला जाऊ का? आई नको म्हणते."

आत्याने आधी विचारलं, "बाथरूमला जाताना बॅग कोणाकडे ठेवशील?"

"माहीत नाही."

"मग जा. बॅग बघाल का, हे विचारण्यासाठी तुला एखाद्या अनोळखी माणसाकडे नीट बघावं लागेल. कोण कसं आहे ते तेव्हा कळायला लागतं. आपण चौघं बरोबर असलो की बाकीची माणसं दिसतच नाहीत."

मग म्हणाली, "आणि एकटं असलं की भूक आपली आपल्याला कळते. घरी जेवणाची वेळ झाली म्हणून जेवतो आपण."

नात परवा हंपीला गेली. पोचल्याचा मेसेज आत्याला मी वाचून दाखवला. तिने विचारलं, "तिचा तिने लिहिलाय ना?"

आज संध्याकाळी अमरधाम स्मशानभूमीत बरेच लोक आले होते. तिच्या शाळेतल्या मुलीही. आता त्यांचेही केस पांढरे झालेत.

गाडी सुटेपर्यंत थांबावं, तसे आम्ही थांबलो. सोबत शोधायला कोणी खिडक्यांशी फिरलं नाही.

जा आत्या. जागा मोकळी आहे. खिडकीशी बस.

आम्हा सगळ्यांचा नमस्कार.