धुरी देणारा सुलतान

गिमारास बेटावर आंब्याचं झाड मोहोरायला कां-कूं करू लागलं की लोक तेर्योला बोलावत. बाप्तिस्म्याचं नाव एलेउतेरियो, पण ते पुरतं उच्चारेपर्यंत तो पुढच्या वाडीला पोचलेला असे.

तीस वर्षं त्याने एकच काम केलं. झाडाखाली पेंढा, ओला पाला आणि नारळाची सोडणं रचायची, ती भडकू न देता धुमसत ठेवायची आणि दहा-बारा दिवस झाडाला धुरी द्यायची. झाडाला खोकता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने तेर्यो खोकायचा. मधूनमधून गायचाही. त्याचं ठाम मत होतं की धुराने झाड नुसतं जागं होतं, मोहोरतं ते गाण्याने.

आणि वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या गावच्या सणाला, तो नाटकात सुलतान व्हायचा. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, अंगावर पासिंगच्या पडद्याचा झगा. पासिंग म्हणजे त्याची बायको. लिहिणाऱ्याने सुलतानाच्या मरणाला दोन ओळी दिल्या होत्या, तेर्यो त्यांना अर्धा तास लावायचा. पडायचा, उठायचा, खांबाला मिठी मारायचा, पहिल्या रांगेतल्या म्हातारीला तिच्या गुडघ्याचं विचारायचा, पुन्हा पडायचा. पासिंग घरी जाऊन भात चढवून परत यायची, तरी सुलतान अजून एका गुडघ्यावर!

अशा माणसाच्या राज्यावर एका नोव्हेंबरात चाल झाली. चाल करून आली त्याचीच धर्मकन्या चारिंग. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला हातांवर धरलं होतं, म्हणून ती त्याला निनोंग म्हणायची. लॉस बान्योसच्या कॉलेजात शेतीचं शिकून ती परतली, ती पाठीवर पत्र्याचा पंप आणि हातात पांढऱ्या पुडीची पिशवी घेऊन.

"निनोंग, आता धुरी नको," ती म्हणाली. "आमच्याकडच्या रामोन बार्बा सरांनी शोधून काढलंय. शंभर भाग पाण्यात एक भाग हा सोरा. एकदा फवारलं की झालं!"

"आणि झाडाला गाऊन कोण दाखवणार? तुझे सर?"

हे बोलणं झालं ते विधवा कोन्सोर्सियाबाईंच्या अंगणात. बाईंची बारा झाडं होती, आणि ज्याच्या हाती ती झाडं त्याला बेटावर मान. बाई निवाड्याला बसल्या. "दोघांनी एकेक झाड घ्या. ज्याचं आधी मोहोरेल, त्याची बाराही."

तेर्यो छाती काढून म्हणाला, "मी हरलो तर सुलतानाच्या झग्यात हिचा पंप वाहीन!" पण घरी आल्यावर तो पासिंगला हळूच म्हणाला, "बाराही गेली तर मला पुन्हा कोण हाक मारील गं?"

"मी मारीन की," पासिंग म्हणाली. "पाणी भरायला."

फवारणीच्या सकाळी सगळा गाव जमला. तेर्योच्या झाडाखाली धुरी कालच लागली होती. शेजारच्या झाडाकडे चारिंग पंप घेऊन निघाली, आणि तेर्योचा हात सवयीने वर गेला. त्याने तिच्या झाडाचं एक पान तोडलं, कानाशी धरलं आणि मुठीत चुरडलं. आवाज आला नाही.

"हे नको," तो पुटपुटला. "पान कोवळं आहे. कुरकुरायला हवं." पलीकडच्या झाडाचं पान त्याच्या मुठीत पापडासारखं वाजलं. "हे घे."

"अहो निनोंग, तुम्ही माझ्या बाजूने आहात की तुमच्या?"

"मी पानाच्या बाजूने आहे. फवार मुकाट्याने."

तेवढ्यात कुलास पुढे आला. तारुण्यात तो समुद्रात सुरुंग उडवून मासे मारायचा. त्या धंद्यात त्याची दोन बोटं गेली होती, त्यामुळे दारूगोळ्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याने चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हीच ती! माझी बोटं हिनेच नेली! सुरुंगात घालतात ही!"

"कुलासकाका, ही पाण्यात विरघळलीय. नुसत्या सोऱ्याचा काही स्फोट होत नाही," चारिंग म्हणाली.

ऐकायला होतं कोण? निम्मा गाव विहिरीमागे, निम्मा डुकरांच्या गोठ्यात. कोन्सोर्सियाबाई जपमाळेसकट टेबलाखाली. चारिंग मात्र शिडीवर चढून शांतपणे फवारत होती, फांदीन् फांदी भिजवत.

तेर्यो जागेवरच थिजला. चारिंगच्या झाडावर सुरुंगाचं पाणी, आणि वीस पावलांवर त्याची स्वतःची धुमसती धुरी. वारा? वारा तिच्याच बाजूला. एक ठिणगी उडाली की झाड, पंप आणि पोरगी, तिन्ही गेली. आणि पेटवणारा कोण? सुलतान!

"पासिंग, पाणी!" तो ओरडला. "सगळं पाणी!"

आयुष्यात पहिल्यांदा तेर्योने आपली धुरी विझवली. अकरा बादल्या. वरून डुकरांचं आंबोण. शेवटी उरलासुरला धूर तो अंगातल्या सदऱ्याने झोडपत बसला. चारिंग खाली उतरली तेव्हा तो चिखलात बसून खोकत होता, या वेळी स्वतःच्या वतीने.

"निनोंग, तुमची धुरी! आता तुमचं झाड..."

"तू शाबूत आहेस ना? मग पुरे."

एकदा तुटलेल्या धुरीला अर्थ नसतो, हे तोच सगळ्यांना शिकवत आला होता. त्याने ती पुन्हा लावली नाही. नवव्या दिवशी चारिंगच्या झाडाचे डोळे फुगले आणि पंधराव्या दिवशी शेंडे मोहोराने लगडले. तेर्योचं झाड हिरवंगार, ढिम्म.

दुसऱ्या दिवशी तेर्यो झगा आणि मुकुट घालून आला. चारिंगच्या झाडापुढे उभा राहिला, वर पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि मरायला सुरुवात केली. खोडाला मिठी मारली, घसरला, उठला. गाव ओट्यावर बसून बघू लागला. पासिंग भात चढवायला गेली.

"बारा झाडं या मुलीची," कोन्सोर्सियाबाईंनी निकाल दिला.

"कबूल," चारिंग म्हणाली, "पण कुठलं झाड कधी फवारायचं ते मला कळत नाही. त्या दिवशी चुकलेच असते. निनोंगच्या कानाशिवाय मी पंप उचलणार नाही."

गवतात पडलेल्या सुलतानाने एक डोळा उघडला.

"निनोंग, उठा! अकरा झाडांची पानं वाजवून बघायचीत."

"येतो," सुलतान म्हणाला. "दुसरी ओळ राहिलीय."

ती संपायला वीस मिनिटं लागली. मग तो उठला, झग्यावरून पंप पाठीला लावला आणि पहिल्या झाडाचं पान कानाशी धरून गाऊ लागला.

"गाणं कशाला?" चारिंग म्हणाली. "मला ऐकू द्या की पान!"

"तू फवारा धर. शंभर भाग पाणी, एक भाग सोरा, बाकी मी."